रस्त्याची वाटणी

एकत्र कुटुंबांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस वाटणी म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. घर एक, विहीर एक, अंगण एक, असें जोंवर गोडीगुलाबीनें चाललेलें असतें, तोंवर आपला हिस्सा कोठून कोठवर हें कोणी विचारीत नाहीं. परंतु भावांपैकीं एखादा बळजोर निघाला, त्यानें ओसरीवर हळूहळू आपलीं पोतीं रचलीं, अंगणांत आपल्या गाड्या सोडल्या आणि विहिरीवर आपलाच पंप बसविला, म्हणजे मग बाकीच्यांस माप काढणें भाग पडतें. आणि अखेर सरस-निरस मानानें वाटप करून, मध्यें भिंत घालून, ज्याचा हिस्सा त्याच्या पदरीं टाकावा लागतो. ही गोष्ट कोणासच सुखाची वाटत नाहीं. तथापि ज्या घरांत एकाचें बळ हाच दुसऱ्याचा कायदा होऊन बसतो, तेथें दुबळ्यास वाटणीवांचून दुसरा आधार उरत नाहीं.

शहरांतला रस्ता ही अशीच एक समाईक मिळकत होय. ती एकट्या कोणाची कमाई नव्हे. ती वाडवडिलांपासून चालत आलेली आहे, आणि शहरांत जन्मास येणाऱ्या प्रत्येक जीवाचा तीवर जन्मतःच हक्क आहे. आमच्या पुणें शहरांत सायकलींसाठीं रस्त्याच्या कडेनें स्वतंत्र मार्ग राखावे, ही चर्चा गेलीं कित्येक वर्षें चाललेली आहे. कांहीं मार्ग झाले, कांहीं होऊन मोडले, आणि बरेचसे कागदावर आहेत. त्यांविषयीं बोलतांना पुष्कळ सुशिक्षित मंडळी, हा कांहीं हौशी तरुणांच्या व्यायामाचा प्रश्न आहे, अशा समजुतीनें बोलतात. आमचें मत निराळें आहे. हा वाटणीचा दावा आहे, आणि त्यांतला मुख्य वादी ‘अज्ञान’ आहे. हा शब्द आम्ही कोर्टकचेरींतल्या अर्थानें योजीत आहों; ज्याचीं अठरा वर्षें पुरीं झालीं नाहींत, आणि म्हणून ज्याच्या वतीनें वडीलमाणसांस बोलावें लागतें, असा वादी.

पुण्यास ‘सायकलींचें शहर’ हें नांव कोणी जाहिरातीसाठीं दिलेलें नव्हतें. मुळा-मुठांच्या खोऱ्यांतलें हें गांव बरेंचसें सपाट. पेठा, कॉलेजें, कचेऱ्या, बाजार हीं सारीं तीन-चार मैलांच्या आंत. उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने व पावसाचे भर दिवस सोडले तर हवाहि अशी कीं, सायकलीवरून कामास गेलेला मनुष्य तेथें पोंचल्यावर लगेच कामास बसे. आमच्या बाळपणीं, म्हणजे १९६५ ते १९७५ च्या सुमारास, खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे जाणाऱ्या कामगारांच्या सायकली सकाळीं रांगेनें जात, आणि प्रत्येकीच्या हँडलास जेवणाचा डबा लोंबत असे. प्राध्यापक सायकलीवर, कारकून सायकलीवर, दूधवाला दोन्ही बाजूंस कासंड्या अडकवून सायकलीवर, आणि पदर खोंचून शाळेस जाणाऱ्या शिक्षिकाबाईहि सायकलीवर. सायकलीस महानगरपालिकेचा बिल्ला लागे. रात्रीं दिवा नसला किंवा मागें कोणास बसविलें, तर पोलीस हमखास अडवी. ज्यांच्या घरीं सायकल नसे त्यांच्या मुलांस ती तासाच्या भाड्यानें मिळे, आणि आडव्या नळीखालून पाय घालून ज्यानें ती चालविली नाहीं असा पुणेकर आमच्या पिढींत शोधूनच काढावा लागेल.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्या काळीं सायकलींसाठीं निराळा मार्ग कोठेंहि नव्हता. त्याची जरूरच नव्हती; कारण सारा रस्ताच सायकलीच्या गतीनें चाले. पुढें शहर वाढलें. कारखाने पिंपरी-चिंचवडकडे गेले, नंतर संगणकाच्या कचेऱ्या हिंजवडीकडे गेल्या. अंतरें दुप्पट-चौपट झालीं. प्रथम स्कूटरी आल्या, मागून मोटारी आल्या. आणि २०१८ सालीं पुण्यांतील नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येहून अधिक झाल्याचें प्रसिद्ध झालें. जो मनुष्य रोज दहा मैल दूर कामास जातो त्यानें सायकल सोडली, हें समजण्यासारखें आहे. परंतु ज्याचें ठिकाण घरापासून मैलभरावर आहे त्यानेंहि ती सोडली. ‘लोक आळशी झाले’, असें त्याचें कारण सांगण्यांत येतें. आम्हांस तें पटत नाहीं. पहाटे उठून टेकडी चढणारे, घाम गाळण्यासाठीं पैसे भरून व्यायामशाळेंत जाणारे लोक आळशी कसे म्हणावे? लोकांनीं सायकल सोडली ती आळसानें नव्हे, भीतीनें.

या भीतीचें मूळ जुन्या ग्रंथांच्या आधारें चांगलें उलगडतें. मनुस्मृतींतील इतर वचनांविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. तिच्या दुसऱ्या अध्यायांत, वाटेंत समोर आल्यास कोणास वाट करून द्यावी, याची एक यादी आहे ती पाहण्यासारखी आहे. चाकाच्या वाहनांतून जाणारा, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि लग्नास निघालेला वर, अशी ती यादी आहे. हे सर्व एकत्र आले तर मान स्नातकाचा व राजाचा. आणि तेच दोघे समोरासमोर आले तर मान स्नातकाचा. चाकवाला अग्रभागीं कां, याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, गाडी चाकोरींतून सहज बाहेर काढतां येत नाहीं, आणि पायीं चालणाऱ्यास दोन पावलें बाजूस होणें सोपें असतें. म्हणजे ज्यास अडचण अधिक त्यास वाट आधीं, असा बऱ्याच अंशीं या मर्यादेचा आशय आहे. राजानेंहि विद्यार्थिदशा संपवून आलेल्या तरुणास वाट द्यावी, हें तर आम्हां शिक्षकांस विशेषच गोड वाटतें.

परंतु ही मर्यादा पाळली जावयास एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वाट देणाऱ्यानें समोरच्यास पाहिलें पाहिजे, ओळखलें पाहिजे, आणि थांबण्याइतका अवकाश त्यास मिळाला पाहिजे. बैलगाडी, पादचारी आणि घोडा यांच्या गतींत फारसें अंतर नव्हतें, म्हणून डोळ्यास डोळा भिडत असे. ताशी साठ किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सोळा-सतरा मीटर पुढें जाते. तिच्या चालकास समोरचा वृद्ध कीं बालक हें उमगेपर्यंत तो मागें पडलेला असतो. शिवाय वेग दुप्पट झाला म्हणजे धक्क्याचा जोर दुप्पट होत नाहीं, चौपट होतो, हें आमचे विज्ञानशिक्षक मित्र मुलांस फळ्यावर मांडून दाखवीत. तात्पर्य, मनूची मर्यादा मंद रस्त्यावर अजूनहि पुरेशी आहे; वेगवान रस्त्यावर ती सज्जनाच्याहि हातून पाळली जात नाहीं. तेथें सौजन्याचा उपदेश करणें म्हणजे पुरांत सांपडलेल्यास शिस्तीनें बुडावयास सांगणें होय.

आमची नोकरी एका माध्यमिक शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेली. १९८१ सालीं आम्ही रुजू झालों तेव्हां शाळेच्या मागील बाजूस पत्र्याचा लांबलचक सायकल-स्टँड होता, आणि तो इतका भरून जाई कीं उशिरां येणारीं मुलें सायकली भिंतीस टेकवून ठेवीत. पुढें दहा-बारा वर्षांनीं एका आषाढांतल्या सोमवारीं आमच्या आठवीच्या वर्गांतला एक मुलगा शाळेंत आला नाहीं. वाटेंतल्या चौकांत एक मालट्रक डावीकडे वळत होता. मुलगा त्याच्या डाव्या अंगास, अगदीं लगत, सरळ जावयास निघालेला होता. चालक उंचावर बसलेला. त्याच्या आरशांत मुलगा आलाच नाहीं. पाऊसहि होता. तो मुलगा व्याकरणांत चलाख होता. आदल्याच आठवड्यांत त्यानें ‘चक्रपाणि’ हा बहुव्रीहि कसा, हें आपण होऊन उठून सोडवून दाखविलें होतें. त्या दिवशीं आम्ही वर्गांत गेलों, हजेरी घेतली, आणि त्याच्या नांवापाशीं थांबलों. पुढें काय शिकविलें तें आतां स्मरत नाहीं.

त्यानंतरच्या महिन्यांत सायकल-स्टँड निम्मा रिकामा झाला. ज्या आईबापांनीं मुलांच्या सायकली काढून घेतल्या, त्यांस नांवें ठेवावयास आमची जीभ वळली नाहीं. परंतु त्याचा परिणाम काय झाला तो आम्हीं रोज डोळ्यांनीं पाहिला. जीं मुलें पूर्वीं सायकलीवर येत, तीं आतां स्कूटरीवर मागें बसून, रिक्षांत दाटीवाटीनें किंवा मोटारींतून येऊं लागलीं. शाळा भरतां-सुटतांना दारांत वाहनांचा असा कल्लोळ होऊं लागला कीं, उरलेल्या सायकलवाल्या मुलांस वाट मिळेना. मग त्यांच्याहि घरच्यांनीं सायकली काढून घेतल्या. भीतीनें गर्दी वाढविली आणि गर्दीनें भीति वाढविली. आम्ही सेवानिवृत्त झालों तेव्हां त्या पत्र्याखालीं वीस-पंचवीस सायकली होत्या, आणि बाकीच्या जागेंत शिक्षकांच्या स्कूटरी उभ्या असत.

हें सर्व कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें असें नाहीं. रस्तेबांधणीचे नियम घालून देणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनें सायकल-मार्ग कसे आखावे याची मार्गदर्शिका १९६२ सालींच प्रसिद्ध केली होती, आणि २०१५ सालीं ती सुधारून काढली. पुण्यांत २००६ च्या डिसेंबरांत कात्रज, स्वारगेट व हडपसर या बाजूंस बसगाड्यांसाठीं स्वतंत्र मार्ग सुरू झाले, तेव्हां त्यांच्या जोडीस सायकल-मार्गहि आखण्यांत आले. पुढें २०१७ च्या डिसेंबरांत शहराची एक सविस्तर सायकल-योजना मंजूर झाली. तींत ८२४ किलोमीटर लांबीच्या मार्गांचें जाळें कल्पिलेलें आहे. त्याच सुमारास मोबाईलच्या साहाय्यानें कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली रस्तोरस्तीं दिसूं लागल्या, आणि दोनएक वर्षांत दिसेनाशाहि झाल्या. सायकली आल्या, पण त्या चालवावयाची वाट आली नाहीं. घरांत तांब्या-भांडीं आणून ठेवलीं आणि नळास पाणीच नाहीं, अशांतली ती गत झाली.

जे मार्ग झाले ते कसे आहेत, हें एकदां स्वतः पाहावें म्हणून आम्हीं एका रविवारीं आमच्या अकरा वर्षांच्या नातीस बरोबर घेतलें. ती सायकलीवर, आम्ही पायीं. रस्त्याचें नांव सांगत नाहीं, कारण कोणा एकास बोल लावण्याचा आमचा हेतु नाहीं. आरंभीं मार्ग चांगला होता. पदपथास लागून, रस्त्याहून वीतभर उंच, रंगवलेला. शंभर पावलांवर विजेची पेटी मध्येंच उभी होती. तिला वळसा घातला तों पुढें बसथांबा. उतारू मार्गावरच उभे होते, आणि त्या बिचाऱ्यांस दुसरी जागाहि नव्हती. त्यापुढें गटाराचें एक झांकण खचलेलें. मग नारळवाला. मग दोन मोटारी, मार्गावर निम्म्या चढवून उभ्या केलेल्या. स्कूटरी शिरूं नयेत म्हणून एके ठिकाणीं लोखंडी खांब रोवले होते; ते इतके जवळजवळ कीं नातीच्या सायकलीचें हँडल त्यांतून जाईना. आणि चौक आला तेथें मार्ग एकाएकीं संपून त्याची उंच कड हमरस्त्यावर तुटलेली. पाऊण मैलांत ती सहा वेळां खालीं उतरली. शेवटीं म्हणाली, “आजोबा, ही वाट सायकल चालवायची आहे, कीं सायकल धरून चालायची?”

वाटणीच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें वाटप झालें खरें, परंतु सरस-निरस मानानें झालें नाहीं. सरस तेवढें वेगवान वाहनांकडे राहिलें. आणि गटाराचीं झांकणें, विजेच्या पेट्या, झाडांचीं मुळें व बसथांबे असा जो निरस भाग, तो सायकलीच्या पदरीं टाकून वर रंग दिला. त्यांतहि सर्वांत मोठी उणीव चौकांत आहे. ज्या ठिकाणीं सायकलस्वारास संरक्षण सर्वांहून अधिक हवें, नेमकें त्याच ठिकाणीं मार्ग त्याची साथ सोडतो. नदींत काठापाशीं पायऱ्या बांधाव्या आणि जेथें ओढ आहे तेथें दोरहि नसावा, तसा हा प्रकार आहे.

आतां मनूकडून आपण कौटिल्याकडे वळूं. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, दुर्गांतील रचना सांगतांना, कोणता मार्ग किती रुंद असावा हें कौटिल्यानें मापानें दिलेलें आहे. राजमार्ग आठ दंड. रथाचा मार्ग पांच अरत्नि. गुरांचा मार्ग चार अरत्नि. आणि लहान जनावरें व माणसें यांचा मार्ग दोन अरत्नि. अरत्नि म्हणजे हात, सुमारें दीड फूट. म्हणजे रथास साडेसात फूट, आणि पायीं चालणाऱ्यास तीन फूट. माप लहान असो, पण तें माप आहे. उरलेल्या जागेंत चाला, असें कौटिल्य सांगत नाहीं. पुढें तिसऱ्या अधिकरणांत, माणसांची ही लहान वाट जो अडवील त्यास बारा पण दंड सांगितला आहे. मनूनें वृत्ति सांगितली, कौटिल्यानें माप सांगितलें. जेथें वेग कमी तेथें मनु पुरे. जेथें वेग अधिक तेथें कौटिल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आणि विशेष असें कीं, ज्या देशाचें उदाहरण या बाबतींत सारें जग देतें, त्या नेदरलंड्सनें नेमकें हेंच केलें आहे. तेथील लोक जन्मजात सायकलप्रिय आहेत, त्यांचा देश सपाट आहे, आपणांस तें कसें साधावें, असें म्हणण्याची रीत आहे. वस्तुस्थिति अशी कीं, दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेंहि मोटारी भराभर वाढल्या, सायकली भराभर कमी झाल्या, आणि जुने चौक वाहनें उभीं करण्याच्या कामीं लागले. १९७१ सालीं त्या लहानशा देशांत रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसें गेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. विक लांगेनहॉफ नांवाच्या एका वृत्तपत्रकाराची मुलगी त्यांपैकीं एक होती. त्यानें १९७२ सालीं ‘मुलांची हत्या थांबवा’ या अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला, आणि तोच मथळा पुढें एका मोठ्या चळवळीचें नांव झाला. आया मुलांस घेऊन रस्त्यावर आल्या. १९७३ च्या नोव्हेंबरांत तेलाची टंचाई झाल्यामुळें सरकारनें रविवारीं मोटारी बंद ठेवल्या, आणि मोकळा रस्ता कसा असतो हें एका पिढीनें प्रथमच पाहिलें. सायकलींचें त्या देशांतलें आजचें वैभव हें हौसेंतून आलेलें नाहीं. तें आईबापांच्या शोकांतून आलेलें आहे.

त्यांनीं काय केलें तें थोडक्यांत सांगतों. ग्रोनिंगन हें उत्तरेकडील एक जुनें विद्यापीठाचें शहर आहे. तेथील विद्यापीठ १६१४ चें. १९ सप्टेंबर १९७७ रोजीं त्या शहराच्या मध्यवस्तीचे चार भाग करण्यांत आले. मोटारीस एका भागांतून दुसऱ्या भागांत थेट जातां येईना. बाहेरच्या वळणरस्त्यानें फेरा घालून यावें लागे. सायकलवाल्यास व पायीं जाणाऱ्यास मात्र सरळ वाट मोकळी ठेवली. दुकानदारांनीं मोठा विरोध केला, तरी नगरसंस्था डगमगली नाहीं. आणि आज त्या शहरांतल्या फेऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक सायकलीनें होतात. यांत मौज अशी कीं, मध्यवस्तींतल्या अरुंद गल्ल्यांत त्यांनीं निराळे सायकल-मार्ग ओढण्याचा अट्टाहास केला नाहीं; गाड्यांची गति आणि संख्याच कमी केली. जेथें हमरस्ता आहे आणि वेग राहणारच, तेथें मात्र त्या देशांत सायकलीस कडेचा, उंच, अखंड व दोघांस शेजारून जातां येईल इतका रुंद मार्ग देतात, आणि तो चौकांतहि तुटूं देत नाहींत.

या चौकाची रचना वाचकांनीं नीट समजून घ्यावी, अशी आमची विनंति आहे. चौकाच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक लहानसा उंचवटा बांधतात. त्यामुळें वळणारी मोटार मोठा वळसा घेऊन, वेग कमी करून वळते. आणि सायकलीचा मार्ग कोपऱ्यापासून थोडा आंत घेतलेला असल्यामुळें, तो ओलांडतांना मोटार जवळजवळ काटकोनांत आलेली असते. सायकलस्वार चालकाच्या बगलेस न राहतां डोळ्यांसमोर येतो. बस्स, एवढेंच. थोडें सिमेंट, थोडे दगड आणि पुष्कळ विचार. आमचा तो विद्यार्थी अशा चौकांतून जात असता, तर तो ट्रकचालकाच्या बगलेस सांपडला नसता, समोर दिसला असता. चालक कांहीं दुष्ट नव्हता; त्याला तो दिसला नाहीं, इतकेंच.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला असा कीं, जुन्या पेठांचे रस्ते अरुंद, तेथें मार्ग काढावयाचा कोठें? त्याचें उत्तर ग्रोनिंगननें दिलेंच आहे. पेठेंत भिंत घालूं नका; तेथें ताशी तीस किलोमीटरहून अधिक वेग कोणासच मिळूं नये अशी रस्त्याची घडणच करा, म्हणजे मनूची मर्यादा आपोआप परत येईल. दुसरा आक्षेप, सायकल-मार्ग झाले तरी त्यांवर कोणी दिसत नाहीं, मग खर्च कशास? ग्रंथालय माडीवर ठेवावें, जिना अर्ध्यावर तोडावा, आणि वर्षाअखेर वाचक आले नाहींत म्हणून ग्रंथ रद्दीस घालावे, असा हा न्याय आहे. तिसरा आक्षेप ऊन-पावसाचा. त्यांत तथ्य आहे. परंतु ऊन-पाऊस आमच्या लहानपणींहि होताच, आणि झाडांच्या सावलींतला मार्ग व पाण्याचा निचरा हीं कांहीं मनुष्याच्या हाताबाहेरचीं नाहींत. चौथा आक्षेप मोटारवाल्यांचा, कीं आमचा रस्ता कमी होतो. वाटणींत बळजोर भावाचेंहि नेमकें हेंच म्हणणें असतें. पण मैलभर जाणारा प्रत्येक जीव सायकलीवर गेला तर रस्त्यावरील एक गाडी कमी होते, आणि त्याचा लाभ दूर जाणाऱ्या मोटारीसच होतो. शिवाय ज्याच्याजवळ सायकलीवांचून दुसरें साधन नाहीं असा गवंडी, सुरक्षारक्षक किंवा हॉटेलांतला पोऱ्या आजहि रोज त्याच हमरस्त्यानें जात आहे. त्यास कोणी ‘हौशी’ म्हणत नाहीं, कारण त्याच्याकडे कोणी पाहतच नाहीं.

सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. एवढी मोठी संख्या डोळ्यांसमोर उभी राहत नाहीं. आमच्यापुरती आम्ही ती एका रिकाम्या बाकाच्या रूपानें पाहतों.

गेल्या जून महिन्यांत हा प्रश्न आमच्या घरांतच उपस्थित झाला. नातीची शाळा घरापासून सव्वा मैल. धाकट्या सूनबाईंचें म्हणणें, “बाबा, तिला कुठवर पोंचवायला जायचें? सायकल येते, रस्ता ठाऊक आहे, जाऊं दे एकटी.” आमचे थोरले बंधु म्हणाले, “हातपाय मोडून घेण्यापेक्षां रिक्षा बरी. आमच्या वेळचे रस्ते राहिले नाहींत आतां.” वहिनींनीं दोन्ही बाजूंस मान हालविली, म्हणजे त्यांस दोघांचेंहि पटलें. खरें सांगावयाचें तर दोघेहि बरोबर होते, आणि हेंच या प्रश्नाचें दुःख आहे. मुलीस मोकळीक द्यावी कीं तिचा जीव जपावा, असा पेंच घरांतल्या प्रेमळ माणसांवर ज्या रस्त्यामुळें पडतो, त्या रस्त्याचा दोष घरांतल्या माणसांनीं एकमेकांवर कां घ्यावा?

तूर्त असें ठरलें आहे. आंतल्या गल्ल्यांतून ती एकटी जाते. तेथें रस्ता मंद आहे, माणसें ओळखीचीं आहेत. मोठा चौक येतो तेथें आम्ही आधींच जाऊन उभे असतों, आणि सायकलीच्या हँडलास हात लावून तिला पलीकडे नेऊन सोडतों. कायद्यांत अज्ञानाचा जसा पालनकर्ता, तसे आम्ही त्या चाळीस पावलांपुरते तिचे पालनकर्ते आहों. मिताक्षरेनें पुत्रपौत्रांस वडिलार्जित मिळकतींत जन्मतःच हक्क दिला. २००५ सालच्या दुरुस्तीनें तो कन्येसहि मिळाला. घरांत तिचा हिस्सा आतां कोणी नाकारूं शकत नाहीं. रस्त्यांतला हिस्सा मात्र तिला रोज आजोबांच्या हातानें उसना घ्यावा लागतो. आमचें वय पाहतां हें किती दिवस चालेल हें सांगवत नाहीं. आणि ज्या मुलांच्या घरीं सकाळचा मोकळा असा आजोबा नाहीं, त्यांचें काय?

म्हणून वाचकांस आमचें दोन गोष्टींविषयीं सांगणें आहे. पहिली घरांतली. आपल्या दारापुढें सायकल-मार्ग असेल तर त्यावर आपली गाडी, पाहुण्यांची गाडी किंवा घरकामाची वाळू-विटा पडूं देऊं नये. तो अज्ञानाचा हिस्सा आहे. त्यावर अतिक्रमण करणें घरंदाज माणसास शोभत नाहीं. दुसरी बाहेरची. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार दाराशीं येतील, रस्ते किती किलोमीटर केले याचे आंकडे सांगतील. ते सगळे ऐकून घ्यावे, चहा द्यावा, आणि मग घरांतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलास किंवा मुलीस पुढें बोलावून एवढेंच विचारावें, कीं या लेंकरास या रस्त्यानें, त्या मोठ्या चौकांतून, एकट्यानें सायकलीवर शाळेस जातां येईल असें आपण कधीं करणार? उत्तर काय मिळतें तें मुलासहि ऐकूं द्यावें.